गुलाबी सोंगट्या

आमच्या आणि कवळीवाल्यांच्या घरामध्ये एकच भिंत आहे. अलीकडून ती माझी, पलीकडून त्यांची. माझ्या बाजूला तिच्यावर एक कॅलेंडर आणि आमच्या ह्यांचा पदवी घेतानाचा केसाळ फोटो. त्यांच्या बाजूला, अगदी परवापरवापर्यंत, जमिनीपासून छतापर्यंत सीडींच्या फळ्या होत्या. एवढी दाट वस्ती की त्या भिंतीतून मला कधी काही धड ऐकू आलं नाही. कवळीवाले काय म्हणाले, वहिनींनी त्यावर काय सुनावलं, सगळं त्या प्लास्टिकच्या डब्यांत मुरून जायचं. नुसतं गुणगुण गुणगुण. कान लावून लावून माझ्या गालाला चुना लागायचा, पण पदरात काही पडायचं नाही. शेजारधर्म मनापासून पाळणाऱ्या बाईची याहून मोठी उपासमार नाही.

त्यामुळे एके दिवशी त्या फळ्या उतरायला लागल्या, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. लपवायचं कशाला?

कवळीवाल्यांना सगळी गल्ली कवळीवाले म्हणूनच ओळखते. इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची लॅब आहे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं घेऊन पाठवतात, आणि हे त्यावरून प्लास्टरचे जबडे ओततात, मेणात एकेक दात उभा करतात आणि शेवटी गुलाबी हिरड्यांची चकचकीत कवळी तयार होते. आमच्या गल्लीत साठीपुढची जेवढी माणसं हसतात, त्यातली निम्मी कवळीवाल्यांच्या कृपेनं हसतात. माझ्या सासूबाई त्यातल्याच. स्वतः कवळीवाल्यांच्या पुढच्या दोन दातांत मात्र फट आहे, एखादं पोस्टकार्ड सरकेल एवढी. ‘ती का नाही बुजवत?’ असं मी विचारलं, तर म्हणाले, “शीळ चांगली वाजते, शेजारीणबाई.” आणि खरंच वाजवून दाखवली. रस्त्यावरचा कुत्रा उठून आत आला.

आता त्या सीडींबद्दल. त्या होत्या कवळीवाल्यांच्या भिंतीवर, पण निवडल्या होत्या त्यांच्या थोरल्या बहिणीनं. ताई आयुष्यभर गाण्यांच्या दुकानात काउंटरला होत्या. दुकानात नवीन माल आला की आधी ताई ऐकायच्या. नाक मुरडलं तर ती तबकडी मागच्या रांगेत जायची. मान हलली तर एक प्रत भावासाठी बाजूला पडायची. भावाचं काम दिवसभर एका जागी बसून करायचं. मेण कोरताना हात हलता कामा नये, पण कान मोकळेच असतात ना! अशी वर्षानुवर्षं भर पडत गेली. पुढे दुकान बंद झालं, तेव्हा उरलेल्या तबकड्या खोके भरभरून ताईंनी भावाकडे लावून दिल्या. “माझ्याकडे जागा नाही, छोट्या. तू सांभाळ.” साठीला टेकलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला कोणी छोट्या म्हणताना ऐकलं की मला अजून गुदगुल्या होतात.

ताईंना मूलबाळ नाही. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. एकट्या राहायच्या, झकास राहायच्या. पण डोळ्यांनी दगा दिला. अंधारी आली असं नाही. कडेकडेचं दिसतं, मधलं तेवढं पुसलं गेलंय. म्हणजे दार दिसतं, दारात उभ्या माणसाचं तोंड दिसत नाही. अक्षर तर नाहीच. मग एकदा जिन्यात पायरी चुकली, घोटा सुजला, आणि कवळीवाले जाऊन बहिणीला घेऊन आले.

ताई आल्या, पण अट घालून आल्या. त्या अटीचा शब्दन् शब्द मी ऐकलाय, कारण सामान वर चढवायला मीच हात लावला होता.

“महिनाभर राहून बघते,” ताई म्हणाल्या. “माझी जागा मी सोडलेली नाही. आणि छोट्या, नीट ऐक. जेवायला वाढलंत तर जेवेन, आजारी पडले तर औषध घेईन. पण उठता बसता ‘हे देता का, ते लावता का’ करत जगायचं असेल, तर त्यापेक्षा मी माझ्या जिन्यात पडलेली बरी.”

“असं काय बोलतेस गं!”

“बोलले. झालं. बॅग त्या पलंगाच्या पायाशी ठेव. उघडायची नाही. लागेल तसं मी काढीन.”

ती निळी बॅग तिथेच राहिली. चेन बंद. वहिनी रोज केर काढताना ती उचलायच्या आणि पुन्हा तिथेच ठेवायच्या.

आता पलंग कुठे घातला? तर त्या भिंतीच्या खोलीत. दुसरी खोलीच नाही. पण फळ्या एवढ्या पुढे आलेल्या की पलंग आणि त्यांच्यामधून आडवं होऊन जावं लागायचं. पहिल्याच दिवशी ताईंचा खांदा लागला आणि एक अख्खी रांग खाली कोसळली. मी चमचा हातात घेऊनच धावले. ताई जमिनीवर बसून तबकड्या चाचपत होत्या आणि म्हणत होत्या, “फुटली का रे एखादी? बघ ना. मला कळत नाहीये.” त्या एवढंच म्हणाल्या. पण कवळीवाल्यांचा चेहरा मी पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला.

त्यांनी ठरवलं, सगळ्या तबकड्या एका हार्ड डिस्कवर उतरवायच्या. परगावच्या लेकीनं फोनवर तोंडभर समजावलं. तो फोन स्पीकरवर होता, तेव्हा मी ऐकला यात माझा दोष नाही. “बाबा, कशाला खपताय? महिन्याला थोडी वर्गणी भरा, अख्ख्या जगातली गाणी मिळतील.”

“अख्खं जग काय करायचंय मला?” कवळीवाले म्हणाले. “तुझ्या आत्यानं वेचलंय तेवढंच पुरे. आणि ते आपल्याकडे आहे. आपल्याच मालाला दरमहा भाडं कोण भरणार?”

मग उद्योग सुरू झाला. कवळीचं गुलाबी प्लास्टिक साच्यात दाबून उकळत्या पाण्यात शिजवावं लागतं. त्या वेळात कवळीवाल्यांना काही काम नसतं. तेवढ्यात लॅबमधल्या जुन्या लॅपटॉपमध्ये तबकडी सरकवायची, ती घरघरून उतरली की दुसरी, रात्री उशिरापर्यंत. एकीकडे दात शिजतायत, एकीकडे गाणी उतरतायत. आवाज पिळून लहान करायचा नाही, जसाच्या तसा ठेवायचा, असा त्यांचा हट्ट. “जागा थोडी जास्त खाते,” मला म्हणाले, “पण हल्ली जागा स्वस्त झालीय. हार्ड डिस्कवरची. घरातली नाही.” प्रत्येक तबकडीचं नाव वहिनी टाईप करायच्या. वहिनी दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर असतात, तिथे डॉक्टरांचं अक्षर लावून लावून त्यांना कसलंही अक्षर लागतं.

सगळं उतरल्यावर कवळीवाले एक दिवस माझ्या दारात आले. हातात पाकिटाएवढी काळी डबी.

“हे तुमच्या कपाटात ठेवा.”

“काय आहे?”

“तेच. सगळंच्या सगळं, पुन्हा एकदा. एक प्रत कधीच पुरत नाही. आणि दोन्ही एकाच घरात ठेवल्या तर काय उपयोग? नळ फुटला, आग लागली, चोर आला, दोन्ही एकदमच जातील.”

“आणि माझ्याकडे चोर नाही येणार?”

“तुमच्याकडे? तुम्ही त्याला खुर्चीत बसवाल आणि बायको माहेरी का गेली ते विचाराल. बिचारा स्वतःची चप्पल टाकून पळेल.”

ती डबी माझ्या स्वेटरांच्या खाली आहे. शेजाऱ्यांचं अख्खं संगीत माझ्या कपाटात आणि मला त्यातलं अवाक्षर वाजवता येत नाही.

वाजवायची व्यवस्था कवळीवाल्यांनी एकदम सुटसुटीत केली. साबणाच्या डबीएवढा एक छोटा संगणक, त्याला ती हार्ड डिस्क, आणि त्याची वायर थेट जुन्या ॲम्प्लिफायरला. स्पीकर तेच, लग्नातले. नवीन फार काही घेतलं नाही. आणि हुकूम सोडायला वहिनींचा जुना फोन, त्याच्यावर सगळ्या तबकड्यांची मुखपृष्ठं ओळीनं दिसायची. बोट लावलं की गाणं सुरू. प्लास्टिकचे डबे भंगारात गेले, तबकड्या कागदी पाकिटांत घालून ताईंच्या पलंगाखालच्या खोक्यात, आणि फळ्यांची जागा मोकळी.

आणि भिंत! काय सांगू, भिंत नाहीच म्हणा ना. पडदा म्हणा. पलीकडे वहिनींनी जांभई दिली तर अलीकडे मला यायची. मी नणंद-भावजयीच्या पहिल्या ठिणगीसाठी अगदी खुर्ची सरकवून बसले. एकाच छपराखाली, एकच स्वयंपाकघर, दोघी तोंडाच्या फटकळ. किती दिवस धीर धरणार?

नाहीच पडली ठिणगी. दोघी हसायच्या. बहुतेक वेळा कवळीवाल्यांना. माझी घोर निराशा झाली. पण दुसरंच काहीतरी ऐकू यायला लागलं.

“ताई, काय लावू?” वहिनी विचारायच्या.

“काहीही लाव.”

संध्याकाळी कवळीवाले वर आले की, “ताई, काय ऐकतेस?”

“काहीही चालेल रे.”

रोज हेच. काहीही. जिनं एवढी मोठी भिंत निवडून निवडून भरली, जिनं मान हलवल्याशिवाय दुकानात तबकडी पुढच्या रांगेला लागत नसे, ती बाई म्हणतेय काहीही! मी माझ्या बाजूनं ऐकायची आणि मला भांडणापेक्षा ते जास्त लागायचं. कारण दुपारी वहिनी कामावर, भाऊ खाली लॅबमध्ये, आणि पलीकडे चिडीचूप. फोनवरची चित्रं ताईंना दिसायची नाहीत. त्यांना गुळगुळीत काच तेवढी लागायची हाताला. कोणाला हाक मारायची नाही, हे तर ठरलेलंच.

लेकीनं तिकडून एक बोलका स्पीकर पाठवला. त्याला तोंडी सांगायचं, तो लावतो. उद्घाटनाला मी होतेच. ताई खुर्चीत सावरून बसल्या आणि काउंटरला गिऱ्हाईक आल्यासारख्या अदबीनं म्हणाल्या, “अहो, ती संथ बासरी आहे ना, मागे पाण्याचा आवाज असलेली, तेवढी लावा.”

त्यानं धाडधाड ढोल लावले. व्यायामाचे. वर सांगितलं की आणखी हवं असेल तर वर्गणी भरा. आमच्या हार्ड डिस्कवर काय आहे याचा त्याला पत्ताच नव्हता.

“विक्रीला ठेवलाय का हा?” ताई म्हणाल्या. “आमच्या दुकानात असा एक लागला होता. गिऱ्हाईकानं एक मागितलं की दुसरंच गळ्यात मारायचा. दोन दिवसांत काढला त्याला.”

सगळे हसले. पण हसणं संपल्यावर ताईंनी हळूच विचारलं, “आज तारीख काय रे?” आणि कवळीवाल्यांचं तोंड उतरलं. महिना भरत आला होता.

त्याच आठवड्यात माझ्या सासूबाईंनी अक्रोड फोडायला कवळी वापरली. कवळीचे दोन तुकडे झाले, अक्रोड शाबूत. ते तुकडे रुमालात बांधून मी लॅबमध्ये गेले. ताई तिथेच बसल्या होत्या. वर एकटीला करमत नाही हे त्या तोंडानं म्हणत नसत. “इथे वारा बरा येतो,” म्हणायच्या. लॅबला खिडकी नाही.

लॅबच्या मागच्या भिंतीला फळ्यांवर जबडेच जबडे. प्लास्टरचे, पांढरे, बिनबोलके. जुन्या गिऱ्हाइकांचे साचे कवळीवाले टाकत नाहीत. मोडतोड झाली की उपयोगी पडतात. ते माझ्या सासूबाईंचा साचा शोधायला स्टुलावर चढले, आणि ताईंनी बसल्या जागी हात लांबवून खालच्या फळीवरचे जबडे चाचपायला सुरुवात केली.

“हा माणूस एकाच बाजूनं चावत असणार,” त्या म्हणाल्या. “ही बाजू पार बसलीय.”

“हो,” कवळीवाले वरून म्हणाले. “कोपऱ्यावरचा शिंपी. सुया धरतो दातांत.”

“आणि हा? एवढासा. बाई आहे. पुढे एकच सुळा उरलाय, पण काय तोरा आहे त्याचा!” ताईंनी तो जबडा उचलला, अंगठा फिरवला. “ही कोणाचं ऐकत नसेल.”

मी बघितलं आणि मला हसू आवरेना. “अहो भाऊ, उतरा खाली. सासूबाई सापडल्या.”

खरंच त्यांचाच साचा होता. मी दात काढत बसले, ताईही हसत होत्या. कवळीवाले मात्र स्टुलावर तसेच उभे. फट दाखवत, तोंड उघडं टाकून. मला वाटलं उसण भरली.

“ताई,” ते म्हणाले, “परत सांग. डोळे मीट आणि सांग. हा कोणता?” त्यांनी एक सुटा दात तिच्या हातावर ठेवला.

“डोळे मिटून काय फरक पडणार आहे वेड्या? दाढ आहे ही.”

“आणि हा?”

“पुढचा. फावड्यासारखा आहे की.”

“हा?”

“सुळा. झालं का? का आता अक्कलदाढ शोधतोयस? ती तुला आलीच नाही.”

सासूबाईंची कवळी टेबलावर तशीच ठेवून कवळीवाले बाहेर पडले, भर दुपारी, ॲप्रन घालूनच. त्या दिवशी सासूबाईंनी रात्रीपर्यंत पेज प्यायली आणि माझा उद्धार केला.

आणलं काय त्यांनी? तर चिकटपट्टीसारखी एक गुंडाळी. तिच्यावर नखाएवढ्या पातळ चिपा. बसच्या पासात असते ना, मशीनला टेकवली की पिंग करणारी, तसलीच. पैशाला पासरी मिळतात म्हणे. एका चिपेत एका तबकडीचं नाव भरायचं. वहिनींचा जुना फोन लाकडी चौकटीत पालथा बसवायचा, पाठ वर. चिप त्याच्या पाठीवर टेकली की फोन ती ओळखणार आणि छोट्या संगणकाला सांगणार, हिची तबकडी लाव.

“पण नुसत्या चिपा ताईला सारख्याच लागणार,” कवळीवाले मला समजावत होते. खरं तर स्वतःलाच. “म्हणून सोंगट्या करायच्या. कवळीच्या प्लास्टिकच्या. चपट्या, रुपयाएवढ्या. पोटात चिप आणि डोक्यावर दात. बासरीला पुढचा दात, व्हायोलिनला सुळा, गाण्याला दाढ. एक उभा, एक आडवा, दोन शेजारीशेजारी. हात लावला की कळलं पाहिजे.”

“पियानोला?”

“पियानोला ओळीनं चार. पियानोच दिसतो तो.”

मी ही बातमी गल्लीत कोणालाही सांगितली नाही. म्हणजे शिंप्याला सांगितली, पण त्याच्या दातांत सुया होत्या, तो कोणाला सांगणार? तरी संध्याकाळपर्यंत भाजीवालीनं मला विचारलंच, “कवळीवाले बहिणीला दात वाजवायला शिकवतायत, खरं का हो?”

तीन दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. सासूबाईंची तेवढी जोडून दिली, नाहीतर मीच लॅबला टाळं ठोकलं असतं. चौथ्या दिवशी पहिली खेप तयार झाली. ट्रेमध्ये ओळीनं मांडलेल्या गुलाबी सोंगट्या, पॉलिशच्या चाकावर घासून अशा चमकवलेल्या की तोंडात टाकाव्याशा वाटल्या. मी, वहिनी आणि ते, तिघांनी लॅबमध्येच, लॅपटॉपला एक स्पीकर जोडून चाचणी घेतली. ताईंना कळू द्यायचं नव्हतं. कवळीवाल्यांनी सुळा उचलला आणि फोनच्या पाठीवर ठेवला.

काही नाही.

दाढ ठेवली. काही नाही. पियानो उलटा ठेवला, सुलटा ठेवला. वहिनींनी फोन झटकला. मी स्पीकर थोपटला. गाणं सोडा, साधं पिंगही नाही.

“चिपा खराब निघाल्या का?” मी म्हटलं.

“काल सगळ्या तपासल्या होत्या मी. प्लास्टिकमध्ये घालायच्या आधी,” कवळीवाले म्हणाले. आणि बोलता बोलताच त्यांनी कपाळावर हात मारला.

वहिनींच्याही एकदम लक्षात आलं. “अहो,” त्या फार गोड आवाजात म्हणाल्या, “तुम्ही त्या शिजवल्यात की काय?”

शिजवल्याच होत्या. साच्यात भरल्या, दाबाखाली आवळल्या आणि खळखळत्या पाण्यात सोडल्या, शीळ वाजवत. तीस-पस्तीस वर्षं जे गुलाबी हाताला लागेल ते शिजवायची सवय. हातांनी विचारलंच नाही की आत काय आहे.

“दुसऱ्या कोणी चिपा भिजवल्या असत्या, हरवल्या असत्या,” वहिनी म्हणाल्या. “उकडून आमच्याकडेच मिळतात.”

मला एवढं हसू आलं की मी प्लास्टरच्या पोत्यावर बसले आणि मागून पांढरी झाले. पण कवळीवाले हसले नाहीत. ट्रेकडे बघत उभे राहिले. “परवा महिना भरतोय,” म्हणाले. “तिनं लेकीला फोन लावायला सांगितलाय. रविवारी गाडी घेऊन ये म्हणून. सोडायला.”

वहिनींनी उकडलेल्या सोंगट्या पुन्हा ओळीनं लावल्या.

थोड्या वेळानं त्यांची नजर टेबलावर गेली. तिथे माझ्या सासूबाईंच्या कवळीची भेग भरताना उरलेलं थोडं गुलाबी पडलं होतं. ते त्यांनी नखानं टोचलं. “हे नाही शिजवलं मी,” ते स्वतःशीच म्हणाले. मोडलेल्या कवळीला जोड द्यायला वेगळं प्लास्टिक लागतं. पूड आणि पातळ द्रव मिसळायचं, ते आपलं आपण घट्ट होतं, बसल्या जागी, पाणी नको का आच नको. थोडं कच्चं राहतं, चावायला उपयोगाचं नाही. “पण ताई कुठे चावणार आहे!”

उकडलेल्या सोंगट्या त्यांनी फेकल्या नाहीत. दात तर वर पक्के बसले होते. त्यांनी खालच्या बाजूनं प्रत्येकीला छोटीशी खोलगट जागा कोरली, नवी चिप ठेवली आणि वरून ते न शिजणारं गुलाबी लिंपलं. माझ्या सासूबाईंनी अक्रोड फोडला नसता तर सुचलं असतं का कोणाला? सासूबाई तेव्हापासून हे श्रेय स्वतःकडे घेतात. मी विरोध करत नाही. एक दात उरलेल्या माणसाशी वाद घालू नये.

रविवारी सकाळी लेक गाडी घेऊन आली. बॅग दाराशी होती. मी निरोप द्यायला म्हणून गेले, हातात रिकामा कप, साखर मागायचं निमित्त. माझ्याकडे साखर होती हे सांगायला नको.

कवळीवाल्यांनी काही भाषण केलं नाही. ताईंच्या खुर्चीजवळ एक छोटं टेबल ठेवलं, त्यावर ती लाकडी चौकट, आणि शेजारी एका बशीत सोंगट्या. सगळ्या भिंतीच्या नव्हेत, तेवढ्याला वेळ कुठला! मूठभर.

“ताई, निघायच्या आधी हे जरा बघ.”

“बघ म्हणे!” ताई पुटपुटल्या, पण हात पुढे केला. बोटं बशीत फिरली. “दात? छोट्या, हे काय, कोणाचे पाडलेस?”

“उचल एक. चौकटीत खोलगट लागेल बघ, तिथे ठेव.”

ताईंनी दाढ उचलली, चौकट चाचपली, ठेवली. एक क्षण काहीच नाही आणि माझा जीव वरखाली. मग स्पीकरमधून बाईचा आवाज आला, घोगरा, जड, शब्द चघळत गाणारा. ताईंचा हात हवेत तसाच राहिला.

“ही तर ती!” त्या म्हणाल्या. “हिला दाढच पाहिजे. शब्द कशी रवंथ करते बघ.” सोंगटी उचलली, गाणं थांबलं. पुन्हा ठेवली, सुरू. मग सुळा. व्हायोलिन. मग चार दातांची, आणि पियानो. मध्ये कोणी काही बोललं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. त्या आपल्या एकामागून एक उचलत होत्या, ठेवत होत्या, पटकन काढत होत्या. काउंटरला अशाच असतील त्या. मग बोटं एका सोंगटीपाशी थांबली. एकच पुढचा दात, आडवा. ती त्यांनी ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

बासरी. संथ, मागे पाण्याचा आवाज.

ती पूर्ण होईपर्यंत लेक दारातच उभी राहिली, किल्ली बोटात अडकवून. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. मी कप घेऊन. शेवटी ताईंनी मान हलवली. ती मान मी पहिल्यांदा बघितली, पण ओळखली.

“बाकीच्या कुठायत?” त्या म्हणाल्या.

“करतोय. एवढ्याच झाल्या. अख्ख्या भिंतीच्या व्हायला वर्ष तरी जाईल.”

“आणि कोणाला कोणता दात हे तूच ठरवणार? हा बघ, या ढोलक्यालाही तू सुळा दिलायस. त्याला काय सुळा? तो किडका पाहिजे, मध्ये भोक पाडलेला. तुला एकट्याला जमायचं नाही हे.”

“नाहीच जमायचं,” कवळीवाले म्हणाले. एवढं पटकन त्यांनी आयुष्यात काही कबूल केलं नसेल.

“आत्या,” लेक म्हणाली, “मग गाडी...?”

“गाडी काय? आलीयस तर जेवून जा. आणि माझ्या जागेचं कुलूप बघून ये जरा जाताना, कोणी भाड्यानं घेतं का विचार.” मग माझ्याकडे वळून, “आणि तू गं, साखर हवी होती ना? डबा उघडाच आहे. का आत्ता नाही लागणार?”

कडेकडेचं दिसतं त्यांना. कप रिकामा आहे आणि माझं लक्ष कुठे आहे, दोन्ही कडेलाच होतं बहुतेक.

तेव्हापासून दुपारी माझ्या भिंतीतून गाणं येतं. ताईंच्या मर्जीचं. आवडलं नाही तर मध्येच तोडतात, मग मला पुढचं ऐकायला मिळत नाही. मी भिंतीवर दोनदा ठोकते, त्या पुन्हा लावतात. आवडलं नाही तरी लावतात. लॅबमध्ये नव्या कवळ्या भरल्या की उरलेल्या गुलाबीच्या सोंगट्या होतात आणि ताई शेजारी बसून हुकूम सोडतात, हिला दाढ, त्याला नुसती हिरडी, तो बेसूर आहे. कवळ्या घ्यायला आलेले म्हातारे टेबलावरची बशी बघून घाबरतात. एकानं तर विचारलं, माझ्या तोंडात बसवायचे राहिलेत का हे?

भांडण मात्र अजून ऐकू आलेलं नाही. मी आशा सोडलेली नाही.

मागच्या आठवड्यात मला माहेरी लग्नाला जायचं होतं. आमच्या बॅगेची चेन ह्यांनी ओढून ओढून बिघडवलेली. मी पलीकडे गेले, वहिनींना विचारलं, एखादी बॅग आहे का?

वहिनी बोलायच्या आधी ताईच आतून म्हणाल्या, “माझी ने. निळी. माळ्यावर आहे.” आणि मग बशीत काहीतरी शोधत, “सावकाश आण परत. मला काही लागत नाही ती.”

मी स्टुलावर चढून काढली. हलकी होती. आत एक रुमालसुद्धा नव्हता.